मागच्या चाकातून घासल्याचा आवाज: पॅड बदलायच्या आधी तो का संपला ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात सीटर एसयूव्ही, डिझेल मॅन्युअल, 68 हजार किलोमीटर झालेत, चारही चाकांना डिस्क आहेत आणि हँडब्रेक साधा, हाताने ओढायचा. भर पावसात ठाण्याहून चिपळूणला गेलात, गाडी तिथे आठवडाभर अंगणात उभी होती, परतीला पोलादपूर सोडल्यापासून ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकातून खर्रर्र असा लोखंड घासल्यासारखा आवाज येतोय. गॅरेजवाल्याने चाक न काढताच चार डिस्क, चारही चाकांचे पॅड आणि मागचे दोन कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी यंत्रणा) असं मिळून 46 हजारांचं एस्टिमेट दिलंय. हे सगळं खरंच लागतं का आणि यातलं घरी किती करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

चाक न काढता दिलेलं एस्टिमेट मानू नका. बरीच वर्षं ब्रेकचंच काम करतोय, आणि एकाच बाजूच्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज आला तर त्यात पुढच्या दोन डिस्कचा काय संबंध हे मला कुणीतरी माप घेऊन दाखवायला हवं. कदाचित पुढचे पॅडही संपत आले असतील, 68 हजारला ते शक्य आहे, पण ते पॅड बघून ठरतं, आवाज ऐकून नाही.

आधी सुरक्षेचं बोलू. तोपर्यंत गाडी चालवायची का? पॅडचं मटेरियल संपून मागची लोखंडी प्लेट डिस्कवर घासत असेल तर प्रत्येक ब्रेकला डिस्क खरवडली जाते, आणि पॅड जितका पातळ तितका कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येतो, फार बाहेर आला की सील सोडून ब्रेक ऑइल गळायला लागतं. त्यामुळे घाटात, हायवेला, घरच्यांना घेऊन अजिबात नाही. पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय, ब्रेकचा लाल दिवा लागलाय, चाकातून जळका वास किंवा धूर येतोय, यातलं एक जरी असेल तर गाडी जागेवर ठेवा आणि टो करून न्या. तसं काही नसेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेता येईल, तेवढंच.

आता आवाज नक्की कुठला ते ओळखायचं, कारण मागून येणारी प्रत्येक खरखर पॅडचीच असते असं नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर येतो आणि पाय काढला की जातो, तर पॅड किंवा डिस्क. ब्रेक न दाबताही सतत कर्र कर्र येतो, चाकाच्या वेगाबरोबर वाढतो, तर डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो तो वाकून घासतोय किंवा मधे खडी अडकलीय. सतत घूं घूं येतो आणि वळणावर बदलतो तर बेअरिंग बघा, उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. चीं असा बारीक किंचाळल्यासारखा आवाज बहुतेक वेळा पॅडवरच्या छोट्या पत्र्याच्या पट्टीचा असतो, पॅड संपत आला की ती मुद्दाम डिस्कला लागते म्हणजे तुम्हाला वेळेत कळावं, ती वेळ टाळली की मग लोखंडाला लोखंड. आणि एक प्रकार लोकांना फार फसवतो: गाडी थांबता थांबता, अगदी 10 च्या आतल्या स्पीडला, पेडल पायाखाली थरथरतं आणि गर्रर्र वाजतं. हे पॅड नाही, हे एबीएस (चाक ब्रेकला जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चुकीच्या वेळी काम करतंय, चाकाच्या सेन्सरच्या रिंगवर गंज किंवा चिखल बसला की तसं होतं, आणि अशा गाड्यांचे चांगले पॅड उगाच बदललेले मी पाहिलेत.

पावसाचं वेगळं. कास्ट आयर्नची डिस्क रात्रभर ओली राहिली की सकाळी त्यावर नारिंगी गंज दिसतो आणि पहिल्या चारसहा ब्रेकला खरखर येते, ते नॉर्मल आहे, स्वच्छ होऊन आपोआप जातं. आठवडाभर उभ्या गाडीला मात्र तेवढंच होत नाही. कोकणातल्या दमट हवेत हँडब्रेक ओढून ठेवला की पॅड डिस्कला चिकटतो, पॅडखालची डिस्क वेगळी गंजते, आणि गाडी काढताना खट्ट आवाज येऊन पॅड सुटतो. कधी कधी सुटताना पॅडचं मटेरियलच मागच्या प्लेटपासून निघून येतं, विशेषतः प्लेटवर आधीच गंज धरला असेल तर. अंगणातून गाडी काढताना तसा खट्ट आवाज आला होता का ते आठवा. पुढच्या वेळी सपाट जागा असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमधे ठेवा आणि चाकांना पुढून मागून दगड लावा, पावसाळ्यात जास्त दिवस उभी राहणार असेल तर हेच बरं.

चाक काढायच्या आधी एक टेस्ट घरी होते आणि ती फुकट आहे. आवाज फार नसेल आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणाही नसतील तर जवळच्या रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं सावकाश फिरवा, ब्रेक शक्य तेवढा कमी वापरा, गाडी आपोआप हळू होऊ द्या. मग उतरून चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, हात लावू नका, नुसता जवळ. मागची दोन्ही चाकं साधारण सारखी कोमट असायला हवीत. डावं भट्टीसारखं आणि उजवं गार, असं असेल तर डावा ब्रेक सुटतच नाहीये, आणि तुमचा खरा प्रॉब्लेम संपलेला पॅड नसून अडकलेला ब्रेक आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अजून चांगलं, डिस्कवर धरून डाव्या-उजव्याचा फरक बघा. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र कधीच ओतू नका.

माझा सगळा भर इथेच आहे. पॅड संपला हे कुणीही सांगेल, दोन बोल्ट काढून नवा टाकेल, आवाज त्या दिवशी बंद होईल आणि थोड्या महिन्यांत तुम्ही परत तिथेच. एका बाजूचा पॅड दुसऱ्या बाजूच्या आधी संपला त्याला कारण असतं आणि ते शोधायला अर्धा तास जास्त लागतो, एवढंच.

चाक काढताना. जागा सपाट आणि टणक हवी, सोसायटीच्या उतारावर नको. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड, कारण मागच्या ब्रेकचं काम हँडब्रेक सोडूनच करावं लागतं. आणि हे नीट लक्षात घ्या, ज्या एसयूव्हीची ताकद मागच्या चाकांना जाते तिचं एक मागचं चाक उचललं की गिअर गाडी धरत नाही, डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) उचललेलं चाक हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सरकतं. त्यामुळे गिअरवर भरवसा नको, ठोकळेच हवेत. जॅक मॅन्युअलमधे दाखवलेल्या पॉइंटलाच लावायचा आणि चाक काढायच्या आधी खाली स्टँड लावायचा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही, स्टँड नसेल तर हे काम घरी करू नका, मी अगदी कळकळीने सांगतोय.

चाक काढायच्या आधीच हाताने फिरवून बघा. हँडब्रेक सुटलेला असताना हलकीशी सुर्र येईल इतपत ठीक, पण दोन हातांनीही जड जात असेल तर ब्रेक धरून बसलाय. उजवं चाकही उचलून तुलना करा.

चाक निघालं की पहिल्यांदा डिस्क आणि मागच्या पत्र्याच्या फटीत टॉर्च मारा. मुंबई-गोवा हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय, रस्त्यावर खडी कायम पडलेली, तिथून आलेल्या गाड्यांमधे हरभऱ्याएवढा खडा या फटीत अडकलेला कितीतरी वेळा सापडतो. आवाज इतका भयानक की माणूस घाबरतो, आणि उपाय म्हणजे स्क्रूड्रायव्हरने पत्रा थोडा मागे रेटायचा, खडा खाली पडतो, पत्रा परत सरळ करायचा. खर्च शून्य. तुमचा आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येतोय त्यामुळे खडा असायची शक्यता कमी, तरी पॅडच्याच मधे बारीक खडा रुतून बसला असेल तर नेमका ब्रेकलाच आवाज येतो आणि डिस्कवर एकच खोल गोल चर दिसते. आधी हे बघा, मग पुढचं.

आता पॅड. बहुतेक गाड्यांच्या मागच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपरची बॉडी दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेते. म्हणून बाहेरून, रिमच्या फटीतून दिसणारा पॅड चांगला दिसला तरी त्यावर जाऊ नका, आतला पार संपलेला असू शकतो. सर्व्हिसला "पॅड चेक केले, ओके" असं लिहून येतं तेव्हा खूपदा बाहेरचाच बघितलेला असतो. नव्या पॅडचं मटेरियल साधारण 10 मिलिमीटरच्या आसपास असतं, मागची प्लेट सोडून मोजायचं, 3 मिलिमीटर राहिलं की बदलायचं. चारही मागच्या पॅडचं माप घ्या: डावा आतला, डावा बाहेरचा, उजवा आतला, उजवा बाहेरचा. कागदावर लिहून ठेवा, कारण हे चार आकडे सगळी गोष्ट सांगतात.

चारही सारखे संपलेत तर काही बिघाड नाही, वय झालं. आजकालच्या गाड्यांमधे हलक्या ब्रेकिंगला इलेक्ट्रॉनिक सिस्टिम मागच्या चाकांकडूनही बऱ्यापैकी काम करून घेते, त्यामुळे मागचे पॅड पुढच्यांच्या आधी संपणं यात आता नवल राहिलं नाही. डाव्या बाजूचे दोन्ही संपलेत आणि उजवे चांगले, तर डावा पिस्टन किंवा हँडब्रेकची केबल किंवा होस, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी. डाव्याचा आतला संपलाय आणि बाहेरचा जाड आहे, तर एकतर पिना जाम आहेत, म्हणजे बॉडी सरकतच नाही आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं, नाहीतर पिस्टन मागे जात नाही. बाहेरचा जास्त संपलाय तर पिनाच, पाय काढल्यावर बॉडी परत सरकत नाही आणि बाहेरचा पॅड घासत राहतो. एकच पॅड तिरका झिजलाय, वर जाड खाली पातळ, तर एक पिन जाम आणि एक मोकळी, किंवा पॅडचे कान ब्रॅकेटमधे गंजाने अडकलेत.

पिना तपासणं सोपंय. कॅलिपरचे बोल्ट काढून बॉडी वर उचला आणि तारेने वर स्प्रिंगला बांधून ठेवा, ब्रेकच्या होसवर लटकत सोडू नका, होस आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. मग पिना बोटांनी ओढून बघा. चांगली पिन लोण्यात सुरी फिरावी तशी सरकते. हातोडी लागली तर कारण सापडलं. रबरी बूट फाटला की पाणी आत जातं, ग्रीस धुतलं जातं, गंज धरतो, कोकणात आणि समुद्राकाठच्या गाड्यांना हे हमखास. पिन काढून बारीक एमरीने साफ करा, खड्डे पडले असतील तर नवीन पिन आणि बूट घ्या, किट मिळतं आणि स्वस्त असतं. ब्रॅकेटमधलं भोकही आतून साफ करायचं. वरची आणि खालची पिन खूप गाड्यांत वेगळी असते, एकीच्या टोकाला रबर असतं, अदलाबदल करू नका.

ग्रीसबद्दल थांबून सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त नासधूस होते. बेअरिंगचं किंवा चासीचं साधं ग्रीस पिनांना लावायचं नाही. ते पेट्रोलियमचं असतं, ब्रेकचं रबर त्याने फुगतं, आणि फुगलेलं रबर पिन आधीपेक्षा घट्ट धरतं. सिलिकॉनचं ब्रेकसाठीचं ग्रीस छोट्या पुडीत मिळतं, तेच वापरा, आणि थोडं लावा, भोक भरून टाकलं तर हवा अडकून पिन आत जात नाही. त्याच कारणाने ब्रेकचे रबराचे पार्ट पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवू नका. ब्रेक क्लीनरचा स्प्रे घ्या. पॅडची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा, जुन्या किंवा हलक्या लायनिंगमधे काय असेल सांगता येत नाही.

पॅड ज्यात बसतात त्या स्टीलच्या क्लिपा काढून त्यांच्या खालचा गंज वायर ब्रशने खरडून काढा. गंज फुगतो, क्लिप वर येते, पॅडचे कान आवळले जातात आणि पॅड मागे सुटत नाही. नवा पॅड हाताने दाबून बसायला हवा आणि हाताने सरकायला हवा, ठोकून बसवलेला पॅड परत घासणारच. हे काम बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही कारण वेळ जातो आणि बिलात दिसत नाही.

पिना मोकळ्या निघाल्या तर मग हँडब्रेककडे वळा, आणि तुमच्या लक्षणांवरून माझा संशय इथे जास्त आहे. मागच्या डिस्कला हँडब्रेक दोन पद्धतींनी असतो. एकात कॅलिपरलाच मागे एक छोटा लिव्हर असतो, केबल तो ओढते आणि आतला स्क्रू पिस्टन पुढे ढकलतो. दुसऱ्यात डिस्कच्या टोपीच्या, म्हणजे मधल्या उंच भागाच्या, आत लहानसा ड्रम आणि त्याला आतून दाबणारे वेगळे शू असतात. पहिल्या प्रकारात हँडब्रेक सोडल्यावर तो लिव्हर परत जाऊन आपल्या स्टॉपरला टेकला पाहिजे. गाडीत कुणालातरी बसवून दोनचार वेळा ओढा-सोडा करायला सांगा आणि दोन्ही बाजूंचे लिव्हर बघा (गाडी स्टँडवर आणि ठोकळे लावलेले असतानाच). डावा एकदोन मिलिमीटर जरी अधांतरी राहत असेल तर ब्रेक कायम थोडासा लागलेला आहे. मग केबल लिव्हरमधून काढा. केबल काढल्यावर लिव्हर टक्कन मागे गेला तर दोष केबलचा, तिच्या आवरणात पाणी शिरून गंज धरलाय, केबल बदला, तिला तेल पाजून फार दिवस जात नाहीत. केबल काढूनही लिव्हर मागे येत नसेल तर दोष कॅलिपरचा. या एका टेस्टने कॅलिपरचा मोठा खर्च वाचतो किंवा निदान तो का करतोय ते कळतं.

तिसरी शक्यता होस. जुना रबरी होस आतून फुगतो, दाबलेलं ब्रेक ऑइल पुढे जातं पण परत येत नाही. ब्रेक दाबून सोडा, चाक जाम असतानाच कॅलिपरचा ब्लीड निप्पल (ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलं होतं, बहुतेक होसच. निप्पल उघडूनही जामच, तर पिस्टन, पिना किंवा केबल.

पिस्टन मागे दाबताना सगळ्यात महत्त्वाचं. लिव्हरवाल्या कॅलिपरचा पिस्टन सी क्लॅम्पने नुसता दाबायचा नसतो, तो दाबत दाबत फिरवून आत घालायचा असतो, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने, काहींत एका बाजूचा उलटा, मॅन्युअल बघा. त्याचं टूल मिळतं. जोर लावून नुसता दाबला तर आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते आणि चांगला कॅलिपर खरंच बाद होतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा असतात, त्यातली एक पॅडच्या पाठीवरच्या खुंटीसमोर आली पाहिजे, नाहीतर पॅड तिरका बसतो. तुमच्या गाडीला बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक नाही म्हणून बरं, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे असेल तर आधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोडला टाकल्याशिवाय मागच्या कॅलिपरला हात लावू नका, मोटर आणि गिअर तुटतात, बोटंही चिमटतात.

पिस्टन आत जाताना बॉनेटखालच्या डब्यातली ब्रेक ऑइलची लेव्हल वर येते, आधी कुणी टॉप-अप केलं असेल तर सांडतं आणि ते रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. पिस्टनवरचा रबरी बूट फाटलेला, कडेला गंज, किंवा ओलं ऑइल दिसलं तर सील किट किंवा कॅलिपर, तिथे काटकसर नको.

डिस्कचं. प्रत्येक डिस्कवर, बहुधा टोपीवर किंवा कडेला, कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला किंवा उठवलेला असतो. कडेला न झिजलेला ओठ राहतो, साधा व्हर्नियर त्या ओठावर टेकून जास्त जाडी दाखवतो, त्यामुळे मायक्रोमीटरने आत, जिथे पॅड घासतो तिथे चारपाच ठिकाणी मोजा. नखाला हलक्या रेषा लागतात तेवढ्याने डिस्क बदलायची नसते. लोखंडाने खोल चरे पडलेत तर लेथवर मारून घेता येतं, पण मारल्यानंतरची जाडी त्या आकड्याच्या वरच राहिली पाहिजे, आणि मागच्या डिस्क मुळात सडपातळ भरीव असल्यामुळे बऱ्याचदा तेवढं मांस उरत नाही. तेव्हा नवीन घ्या, आणि दोन्ही मागच्या घ्या, एक जुनी एक नवी असं करू नका. पॅड तर दोन्ही बाजूंचेच. डिस्क निघत नसेल तर टोपीवर दोन आटे असलेली भोकं असतात का बघा, त्यात दोन्ही बोल्ट सारख्याच प्रमाणात आवळत गेलं की डिस्क पुढे येते, घण मारू नका, बेअरिंगला मार बसतो. नवी बसवायच्या आधी हबचा (ज्यावर डिस्क बसते त्या भागाचा) चेहरा वायर ब्रशने चकचकीत करा, तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क डगमगत फिरते. नव्या डिस्कला गंजरोधक तेल असतं, ते क्लीनरने पूर्ण पुसा, आणि पॅडच्या तोंडाला ग्रीसचं बोट लागू देऊ नका.

ज्यांच्या एसयूव्हीला मागे ड्रम आहेत, बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, इनोव्हा क्रिस्टा वगैरे, त्यांना थोडक्यात: ड्रममधे घासतोय म्हणजे लायनर (शूवरचं घासणारं मटेरियल) संपून रिव्हेट किंवा लोखंडी शू लागतोय, किंवा आत चिखल वाळलाय. ड्रमवर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो, टर्निंग करताना त्याच्या आत राहा. व्हील सिलिंडर (शू ढकलणारा छोटा सिलिंडर) ओला आहे का, आणि लायनरवर गिअर ऑइल आलंय का बघा, आलं असेल तर ॲक्सलचं सील बदलल्याशिवाय नवे लायनर टाकू नका, तेही भिजणार. स्प्रिंगांचा फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बघून जुळवायला राहते.

ब्रेक ऑइल. दोन वर्षांवर झाली असतील तर बदलूनच टाका. ते हवेतली ओल शोषतं आणि उकळायचा बिंदू खाली येतो: डॉट 4 या ग्रेडच्या ऑइलची किमान अट कोरडं असताना 230 अंश सेल्सिअस आहे, ओल घेतल्यावर 155. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइल उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. डब्याच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच, सीलबंद बाटलीतून. घाटात खालच्या गिअरमधे उतरा म्हणजे ब्रेकवर हा प्रसंग येतच नाही.

सगळं जोडून झालं, टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला बोल्ट आवळले, की गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल हळूहळू दहाबारा वेळा दाबा, ते टणक होईपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिलं पेडल तळाला जातं, पार्किंगमधून बाहेर काढताना भिंतीवर गेलेल्या गाड्या याच चुकीने गेल्यात. मग हँडब्रेक ॲडजस्ट करा, पण फूट ब्रेक नीट झाल्यावरच, केबल आधी ताणली की परत तेच दुखणं. नंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 10 च्या स्पीडपर्यंत मध्यम ब्रेक, मधे थोडं अंतर चालवून थंड होऊ द्या, असं आठदहा वेळा. पूर्ण थांबून तापलेला पॅड डिस्कवर दाबून ठेवू नका. पहिले 200-300 किलोमीटर ब्रेक थोडा कमी पकडल्यासारखा वाटेल, त्या काळात अंतर ठेवून चालवा आणि सुरुवातीला मागची दोन्ही चाकं हात जवळ नेऊन परत एकदा तपासा, आता दोन्ही सारखी लागली पाहिजेत.

घरी काय आणि गॅरेजला काय, तर चाक काढणं, खडा बघणं, पॅड मोजणं, पिना आणि केबल तपासणं हे तुम्ही स्टँड आणि ठोकळे असतील तर नक्की करू शकता. पिस्टन फिरवायचं टूल नसेल, होस किंवा कॅलिपर उघडायचा असेल तर ब्लीडिंग (ब्रेक लाइनमधली हवा काढणं) आलं, ते अनुभवी मेस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभं राहून. जुने पॅड आणि डिस्कच्या जाडीचा आकडा दाखवायला सांगा. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडे ब्रेक देऊ नका, दुसरं गॅरेज बघा.

मला चार पॅडचे आकडे, डिस्कवर कोरलेली कमीत कमी जाडी आणि प्रत्यक्ष जाडी, आणि केबल काढल्यावर डावा लिव्हर मागे आला की नाही, एवढं कळवा. त्यावरून नुसत्या पॅड-पिनांवर भागतंय, केबल लागतेय की डावा कॅलिपर खरंच गेलाय ते सांगता येईल. तोवर गाडी उभीच राहू द्या, आणि हँडब्रेक न ओढता.